व्यसनमुक्तीनंतरचे पान : कॅनडातील मूळनिवासी स्त्रियांच्या कथनातील पाठराखण

१

व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाची कथा नेमकी कोठे संपते, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा किंवा समाजकार्याचा वाटतो. परंतु तो कथनशास्त्राचाही प्रश्न आहे. पतन, पतनाचा तळ, त्या तळाशी झालेला साक्षात्कार आणि त्यानंतरची मुक्ती हा आकृतिबंध धार्मिक कबुलीजबाबांच्या परंपरेतून आधुनिक आत्मकथनात उतरला. अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या बैठकांनी त्याला मौखिक आणि सार्वत्रिक रूप दिले. मराठी वाचकाला हा आकृतिबंध वाल्या कोळ्याच्या कथेतून परिचित आहे. वाल्या वारुळातून वाल्मीकी होऊन बाहेर येतो, तेथे कथेची इतिकर्तव्यता संपते. पापात वाटेकरी होण्याचे नाकारणाऱ्या त्याच्या बायकामुलांचे पुढे काय झाले, तो ज्या वाटेवर लुटीत होता त्या वाटेने पुन्हा जाताना त्याला काय वाटले, हे प्रश्न त्या कथेच्या कक्षेतच येत नाहीत.

कॅनडातील मूळनिवासी स्त्रियांनी १९७० नंतर लिहिलेल्या आत्मकथनांत आणि कादंबऱ्यांत नेमके हेच प्रश्न केंद्रस्थानी येतात. त्यांच्या कथनातील स्त्री दारू किंवा हेरॉइन सोडते तेव्हा ती ज्या जगात परतते ते जग बदललेले नसते. मुले सरकारच्या ताब्यात असतात, घर नसते, ज्याने अत्याचार केला तो त्याच गावात असतो आणि ज्या कचेरीकडे दाद मागायची त्या कचेरीविषयीच मनात भीती असते. त्यामुळे ‘मुक्ती’ हा येथे कथेचा शेवट होऊ शकत नाही. या लेखनाचे वाङ्मयीन वेगळेपण मुक्तीनंतरच्या काळाला कथनात जागा करून देण्याच्या प्रयत्नात आहे. ही जागा कोणत्या संहितेत कशी मिळते, कोठे नाकारली जाते आणि नाकारली गेली असता अर्थाची कोणती हानी होते, याचा विचार तीन संहितांच्या आधारे येथे केला आहे : मारिया कॅम्पबेल यांचे ‘हाफब्रीड’ हे आत्मकथन (१९७३), बिअ‍ॅट्रिस कलटन यांची ‘इन सर्च ऑफ एप्रिल रेनट्री’ ही कादंबरी (१९८३) आणि मिशेल गुड यांची ‘फाइव्ह लिटल इंडियन्स’ ही कादंबरी (२०२०).

२

विवेचनापूर्वी दोन संज्ञांचा खुलासा आवश्यक आहे. कॅनडाच्या राज्यघटनेने मूळनिवासींचे तीन समूह मानले आहेत : ज्यांना आज ‘फर्स्ट नेशन्स’ म्हटले जाते ते समाज, उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इनुइट आणि मूळनिवासी व युरोपीय अशा संमिश्र वंशपरंपरेतून स्वतंत्र समाज म्हणून घडलेले मेती. ‘आदिवासी’ या मराठी शब्दाला येथील इतिहासाचा आणि अनुसूचीचा संदर्भ चिकटलेला असल्यामुळे या लेखात ‘मूळनिवासी’ हा शब्द योजला आहे. त्याला मराठीतील राजकीय वापराचा अर्थ अभिप्रेत नाही.

दुसरी संज्ञा ‘आफ्टरकेअर’. व्यसनमुक्ती केंद्रातील निवासी उपचार काही आठवड्यांत संपतात. त्यानंतर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे जो आधार द्यावा लागतो त्याला व्यवसायाच्या परिभाषेत हे नाव आहे. राहण्याची सुरक्षित जागा शोधणे, न्यायालयात आणि बालकल्याण कचेरीत सोबत जाणे, पुन्हा पिण्याची ओढ लागेल त्या रात्री दूरध्वनी उचलणे, मंडलात बसवून बोलते करणे, वडीलधाऱ्या स्त्रीकडे नेणे, घर्मकुटीच्या विधीला बरोबर बसणे अशी ती अनेक कामे आहेत. ‘उपचारोत्तर सेवा’ हा प्रतिशब्द शासकीय कागदावर शोभेल, पण त्यातून संबंध व्यक्त होत नाही. मराठीत ‘पाठराखीण’ हा शब्द आहे. नवी नवरी प्रथम सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर जाणारी, परक्या घरात तिची भीड मोडेपर्यंत राहणारी आणि मग परत येणारी ती बाई. तिच्याकडे अधिकार नसतो. तिचे असणे हेच तिचे काम असते. या लेखात ‘पाठराखण’ ही संज्ञा त्या अर्थाने वापरली आहे. फरक एवढाच, की येथील स्त्री परक्या घरी जात नाही, स्वतःच्या परक्या झालेल्या घरी परतते.

घर परके कसे झाले याचे उत्तर इतिहासात आहे. कॅनडाच्या सरकारने आणि चर्चच्या संस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालविलेल्या निवासी शाळांत सुमारे दीड लाख मूळनिवासी मुले घरापासून तोडून ठेवली गेली. अखेरच्या शाळा १९९० नंतरच्या दशकात बंद झाल्या. मेती मुलांपैकी काही या शाळांत गेली, अनेकांना शाळेचाच लाभ नाकारला गेला. १९६० नंतर बालकल्याण खात्याने हजारो मूळनिवासी मुले काढून गोऱ्या कुटुंबांकडे सोपविली. दारूचा प्रश्न या पार्श्वभूमीवर उभा आहे.

त्याला दिलेले उत्तरही प्रथम मूळनिवासींकडूनच आले. एडमंटनजवळ १९७३ मध्ये ‘पाउंडमेकर्स लॉज’ हे व्यसनमुक्ती केंद्र आणि १९७४ मध्ये समुपदेशकांना शिक्षण देणारी ‘नेची’ ही संस्था सुरू झाली. ब्रिटिश कोलंबियातील अल्कली लेक या वस्तीत फिलिस चेल्सी यांनी १९७२ मध्ये दारू सोडली; त्यांचे पती अँडी चेल्सी त्यांच्यामागून आले आणि पुढील दशकभरात जवळजवळ सारी वस्ती दारूमुक्त झाली. या वस्तीची कीर्ती दारू सोडणाऱ्यांच्या संख्येमुळे झाली. तेथील पाठराखणीची पद्धत अधिक विचारार्ह आहे. उपचारासाठी बाहेर गेलेल्या माणसाची मुले वस्तीने सांभाळली, घराची डागडुजी केली आणि परतणाऱ्याला काम मिळेल असे पाहिले. माणूस बदलून येतो तेव्हा त्याचे घरही बदललेले असावे, हे सूत्र त्यामागे होते. पुढील तीन संहितांना हीच कसोटी लावता येते.

३

‘हाफब्रीड’ या शीर्षकातच एक शिवी आहे. मिश्रवंशीयांना हिणविण्यासाठी वापरला जाणारा हा शब्द कॅम्पबेल यांनी स्वतःचे नाव म्हणून स्वीकारला. १९४० मध्ये सस्कॅचवानच्या उत्तर भागात जन्मलेल्या या मेती स्त्रीचे बालपण सरकारी रस्त्याकडेच्या पडीक पट्ट्यावर झोपड्या बांधून राहणाऱ्या समाजात गेले. आईच्या मृत्यूनंतर भावंडे एकत्र राहावीत म्हणून पंधराव्या वर्षी केलेले लग्न, त्याच नवऱ्याच्या तक्रारीवरून भावंडांची झालेली ताटातूट, व्हँकुव्हरमधील वेश्याव्यवसाय, हेरॉइन, आत्मनाशाचे प्रयत्न, रुग्णालय आणि अखेर ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या बैठका असा या कथनाचा प्रवास आहे. रूढ आकृतिबंधाशी तो जुळतो असे वाटत असतानाच शेवट वेगळे वळण घेतो. या बैठकांतून कॅम्पबेल यांची गाठ मूळनिवासी व मेती कार्यकर्त्यांशी पडते आणि व्यसनमुक्तीची बैठक राजकीय संघटनेची पूर्वतयारी ठरते. ‘मी दारुडी आहे’ या कबुलीकडून ‘आम्ही लुटले गेलो आहोत’ या आकलनाकडे निवेदिका सरकते. कॅम्पबेल यांनी पुढे एडमंटनमध्ये स्त्रियांसाठी निवारागृह उभारण्याचे काम केले, ही चरित्रात्मक माहिती संहितेच्या या दिशेशी सुसंगत आहे.

या कथनातील पाठराखीण म्हणजे निवेदिकेची पणजी चीचम. मेतींच्या १८८५ च्या उठावातील सेनानी गॅब्रिएल ड्युमाँ यांची ही पुतणी. सरकार माणसाचे सर्वस्व काढून घेते आणि मग उरलेली लाज झाकायला घोंगडी देते, असे ती नातीला सांगते. घोंगडीची ही प्रतिमा पुस्तकभर पुनःपुन्हा येते आणि प्रत्येक वेळी तिचा अर्थ सरकतो. ती कधी सरकारी मदत असते, कधी दारू, कधी पोशाख आणि प्रतिष्ठा. अखेरीस निवेदिका सांगते, की जगण्यासाठी आता ही घोंगडी लागत नाही, कारण देशभर भाऊबहिणी मिळाल्या आहेत. लाज झाकण्याची गरज नाहीशी झाली ती लाज वैयक्तिक नव्हती हे कळल्यामुळे. पाठराखणीचे सारे मर्म या प्रतिमेत आहे. तरीही एक वैगुण्य नोंदवावेच लागते. व्यसन सुटल्यानंतरची वर्षे कॅम्पबेल काही पानांत आटोपतात. जिथे सर्वांत अवघड काम आहे तिथे कथन घाईला येते. याचा दोष सर्वस्वी लेखिकेकडे जात नाही. मूळ हस्तलिखित छापील पुस्तकाहून कितीतरी मोठे होते आणि कापाकापी प्रकाशनव्यवहारात झाली.

या कापाकापीचे एक उदाहरण समीक्षेच्या दृष्टीने निर्णायक आहे. चौदा वर्षांच्या मारियावर पोलीस दलातील एका शिपायाने तिच्याच घरात केलेल्या बलात्काराचे वर्णन हस्तलिखितात होते. पोलीस दल पुस्तकावर मनाई हुकूम आणील या भीतीने प्रकाशकांनी ते, लेखिकेची इच्छा नसताना, वगळले. डिॲना रेडर आणि अ‍ॅलिक्स शील्ड या अभ्यासिकांनी मॅकमास्टर विद्यापीठात जतन केलेल्या प्रकाशनसंस्थेच्या कागदपत्रांतील ही हरवलेली पाने २०१८ मध्ये प्रकाशात आणली आणि २०१९ च्या आवृत्तीत ती पूर्ववत समाविष्ट झाली. म्हणजे ४६ वर्षे वाचकांच्या हाती असलेल्या संहितेत एका आघाताचे परिणाम होते, आघात नव्हता. पोलिसांविषयीची निवेदिकेची धास्ती, घर सोडण्याची घाई, स्वतःच्या देहाविषयीची घृणा या साऱ्याला दारिद्र्य आणि वर्णद्वेष ही सर्वसाधारण कारणे पुरेशी मानून वाचन झाले. ती कारणे खोटी नव्हती; पण एका विशिष्ट गणवेशातील माणसाचे विशिष्ट कृत्य त्यांत विरून गेले.

आघातविषयक समीक्षासिद्धान्ताला यातून एक प्रश्न विचारावा लागतो. कॅथी कॅरुथ यांच्या ‘अनक्लेम्ड एक्सपिरियन्स’ (१९९६) या ग्रंथानंतर साहित्यसमीक्षेत असे गृहीत धरले जाऊ लागले, की आघात घडतानाच पूर्णपणे अनुभवला जात नाही आणि म्हणून तो संहितेत फटी, पुनरुक्ती व मौन या रूपांनी परततो. ‘हाफब्रीड’मधील फट या सिद्धान्ताच्या चष्म्यातून वाचली असती तर ती निवेदिकेच्या मनाची फट ठरली असती. वस्तुतः निवेदिकेला सर्व आठवत होते, तिने ते लिहिलेही होते. मौन प्रकाशकाचे आणि कायद्याच्या धाकाचे होते. संहितेतील प्रत्येक मौनाचे कारण पीडितेच्या मनात शोधण्याची सवय ही वाचनाची निष्पाप पद्धत राहत नाही; जिने सांगितले होते तिलाच ती मुकी ठरविते.

४

‘इन सर्च ऑफ एप्रिल रेनट्री’ ही विनिपेगमधील दोन मेती बहिणींची कथा आहे. आईवडिलांच्या दारूमुळे एप्रिल आणि शेरिल लहानपणीच वेगवेगळ्या पालक-कुटुंबांत पाठविल्या जातात. उजळ वर्णाची एप्रिल गोऱ्या समाजात मिसळून जाण्याची स्वप्ने पाहते. सावळी शेरिल आपल्या समाजाचा इतिहास वाचते, समाजकार्याचे शिक्षण घेऊ लागते आणि शहरातील मूळनिवासींच्या मैत्रीकेंद्रात स्वयंसेविका होते. कादंबरीचा आरंभच व्यसनाच्या भाषेवर बोट ठेवतो : लहानग्या एप्रिलला आईवडील दारूला ‘औषध’ म्हणून ओळखायला शिकवितात. पुढे जे काही औषध म्हणून या मुलींना देऊ केले जाते त्या प्रत्येकाकडे संशयाने पाहण्याची दृष्टी वाचकाला येथेच मिळते.

या कादंबरीतील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग भावनिकदृष्ट्या फारसा तीव्र नाही. बालकल्याण खात्यातील कार्यकर्ती पौगंडावस्थेतील बहिणींना समोर बसवून ‘मूळनिवासी मुलींचा लक्षणसमूह’ समजावून सांगते : आधी भांडणे आणि पळून जाणे, मग गरोदरपण, दारू, अमली पदार्थ, चोरी, वेश्याव्यवसाय, तुरुंग आणि मारझोड करणाऱ्या पुरुषांबरोबरचे आयुष्य. हे निदान नाही, हे कथानक आहे. अवस्था क्रमाने येतात, कारणपरंपरा नसते, शेवट ठरलेला असतो. ज्या संस्थेने आधार द्यायचा ती संस्था मुलीच्या हाती तिची संपलेली कथा ठेवते. त्यानंतर कादंबरीत जे घडते ते या कथानकाशी दिलेल्या झुंजीच्या रूपात वाचता येते आणि झुंज सोपी नाही, कारण घटना पुष्कळदा त्या कथानकासारख्याच घडतात. शेरिल समजून काही पुरुष एप्रिलवर बलात्कार करतात. शेरिल दारूत बुडते आणि आईप्रमाणेच नदीवरील पुलावरून जीव देते. कलटन यांच्या दोन बहिणींनी आत्महत्या केली होती. त्या ‘का’चा शोध घेण्यासाठी ही कादंबरी लिहिली गेली.

शेरिलच्या ऱ्हासाचा उलगडा अनेकदा तिच्या स्वप्नभंगातून केला जातो. ज्या वडिलांना तिने मनात थोर केले होते ते दारुडे निघतात आणि ती कोसळते. ही उपपत्ती अपुरी आहे. शेरिल ही इतरांची पाठराखीण होती. मैत्रीकेंद्रात येणाऱ्या उपाशी, मार खाल्लेल्या मुलींच्या कथा ती ऐकत होती आणि त्या कथा तिच्या स्वतःच्या कथेपासून वेगळ्या नव्हत्या. जी जखम ती बांधीत होती तीच तिच्या अंगावर होती. ऐकणारीचे ऐकणारे कोणी नव्हते. मूळनिवासी समाजातील आधारकार्याचे हे मूलभूत वैशिष्ट्य आहे : कार्यकर्ती आणि साहाय्यार्थी यांच्यामध्ये व्यावसायिक अंतर राखणारी भिंत नसते. त्यामुळे विश्वास लवकर निर्माण होतो आणि त्याच कारणाने कार्यकर्ती लवकर जळून जाते. समाजशास्त्रीय अहवालात ही गोष्ट ‘मनुष्यबळाचा प्रश्न’ म्हणून एका परिच्छेदात येईल. कादंबरीत ती रचनेत उतरली आहे. शेरिलचे अंतरंग तिच्या मृत्यूनंतर, तिच्या लिखाणातून, एप्रिलला वाचायला मिळते. ऐकण्याची वेळ टळून गेल्यावर झालेले हे वाचन वाचकालाही अपराधी करते. एप्रिल शेरिलच्या लहान मुलाला जवळ घेते आणि ज्या लोकांपासून आयुष्यभर पळत आली त्यांना प्रथमच आपले म्हणते, तेथे पाठराखण उशिरा, पण सुरू होते.

या कादंबरीलाही कात्री लागली. शाळांत वापरता यावी म्हणून ‘एप्रिल रेनट्री’ ही सौम्य केलेली आवृत्ती १९८४ मध्ये निघाली. बलात्काराचे वर्णन तीत निवळले. ‘हाफब्रीड’मधील लोपाशी तिची तुलना करता हेतू भिन्न दिसतात. येथे लेखिकेने स्वतः, तरुण वाचकांपर्यंत पोहोचण्यासाठी फेरबदल केले. परंतु दोन्ही वेळा वाचकाच्या सोयीसाठी आघात आवरता घेतला गेला, ही बाब लक्षणीय आहे.

५

‘फाइव्ह लिटल इंडियन्स’ या दोन संहितांनंतर सुमारे चार दशकांनी आली. दरम्यान बरेच घडले होते. निवासी शाळांतील आघातांवर काम करण्यासाठी १९९८ मध्ये ३५ कोटी डॉलरच्या निधीतून ‘अ‍ॅबोरिजिनल हीलिंग फाउंडेशन’ स्थापन झाले आणि निधी आटल्यावर २०१४ मध्ये बंद पडले. सत्य व समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यांतील २१ वी शिफारस उपचारकेंद्रांना टिकाऊ निधी मिळावा अशी आहे. बेपत्ता व हत्या झालेल्या मूळनिवासी स्त्रियांविषयीच्या राष्ट्रीय चौकशीचा अहवाल २०१९ मध्ये २३१ मागण्यांसह आला. गुड या स्वतः वकील असून निवासी शाळांतून वाचलेल्यांसाठी त्यांनी काम केले होते. आयोगासमोर आणि न्यायालयात साक्ष ठरलेल्या अनुभवाची पुन्हा कादंबरी का करावी, या प्रश्नाचे उत्तर तिच्या रचनेत आहे.

साक्षीला शाळेत काय घडले हे हवे असते. कादंबरीचा भर शाळेतून सुटल्यानंतरच्या आयुष्यावर आहे. सोळा वर्षांची झाल्यावर ल्यूसीला बसमध्ये बसवून व्हँकुव्हरला पाठविले जाते. पाठराखणीचा संपूर्ण अभाव या एका प्रसंगात दृश्य होतो. पुढे मेसी, क्लारा, केनी, हाउवी यांच्या कथा आलटून पालटून येतात. एका नायिकेच्या चढउतारांऐवजी पाच जणांच्या जीवनरेषा एकमेकींना छेदतात आणि त्यामुळे कोणाच्याही आयुष्याला पतन-मुक्तीचा आकृतिबंध लावता येत नाही. वरकरणी सर्वांत सावरलेली, नवख्या ल्यूसीला आसरा देणारी मेसी अमली पदार्थाच्या अतिसेवनाने मरते. म्हणजे शेरिलचीच गोष्ट पुन्हा : इतरांना धरणारा हात कोणी धरलेला नसतो. केनी पुनःपुन्हा ल्यूसीकडे येतो आणि पुनःपुन्हा निघून जातो. शाळेतून पळण्याची त्याची जुनी सवय प्रेमाच्या घरातूनही पळविते.

या पाच रेषांत क्लाराची रेषा पाठराखणीचे सर्वांगीण चित्र देते. सुडाच्या भावनेने राजकीय चळवळीत ओढली गेलेली क्लारा जायबंदी अवस्थेत मरायाह या वृद्धेच्या रानातील घरी पोहोचते. मरायाह प्रश्न विचारीत नाही. लाकडे फोडणे, पाणी आणणे, स्वयंपाक, थंडी यांतून दिवस जातात. घर्मकुटीचा विधी सैतानाचा आहे, असे शाळेतील जोगिणींनी बिंबविलेले असल्यामुळे क्लारा प्रथम त्याला बिथरते. परंपरेकडे परतणे हाही येथे सहज उपाय नाही, कारण परंपरेची भीती हेच आघाताचे एक अंग आहे, ही जाण येथे महत्त्वाची ठरते. मूळनिवासी स्त्रीला तिच्या संस्कृतीशी जोडले की ती बरी होते, असे सुलभ सूत्र सरकारी पत्रकांत आढळते. गुड ते सूत्र एका घाबरलेल्या देहाच्या कसोटीला लावतात. कथन येथे मंदावते. ज्या काळात काहीच घडत नाही त्या काळाला पाने मिळतात. कॅम्पबेल यांच्या आत्मकथनात जे घाईने उरकले गेले ते येथे सावकाश येते आणि ही मंदगतीच आशय होते. बरी झालेली क्लारा मरायाहजवळ कायम राहत नाही. ती शहरात परतते आणि न्यायालयात उभ्या केल्या जाणाऱ्या मूळनिवासींची साहाय्यिका होते. मरायाहने तिला जे दिले ते ती कचेरीच्या बाकावर बसून दुसऱ्याला देते. पाठराखीण परत जाते. तिचे काम पुढे दुसरी करते.

६

या संहितांचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, याविषयी मूळनिवासी समीक्षेतच मतभेद आहेत. जो-अ‍ॅन एपिस्कन्यू यांनी ‘टेकिंग बॅक अवर स्पिरिट्स’ (२००९) या ग्रंथात मूळनिवासी साहित्य हे औषध आहे, अशी भूमिका मांडली. वसाहतवादाने दिलेल्या खोट्या कथेमुळे आजार झाला, तेव्हा स्वतःची कथा सांगणे हाच उपचार, असे तिचे तात्पर्य. याउलट डायन मिलियन यांनी ‘थेराप्यूटिक नेशन्स’ (२०१३) मध्ये इशारा दिला, की ‘बरे होणे’ ही भाषा आता शासनाने आपलीशी केली आहे. भूमी, सत्ता आणि स्वयंनिर्णय यांचा प्रश्न मानसिक आरोग्याचा प्रश्न म्हणून मांडला, की पीडित समाज रुग्ण ठरतो आणि वसाहत करणारे राज्य वैद्य.

दोन्ही भूमिकांना या तीन संहितांतून आधार मिळतो. तरी प्रस्तुत विवेचनाचा कल मिलियन यांच्या इशाऱ्याकडे झुकतो. साहित्याला औषध म्हटले, की त्याची परिणामकारकता मोजण्याचा मोह होतो. मग ज्या कथनात स्त्री पुन्हा व्यसनाकडे वळते किंवा मरते, ते कथन फसलेले ठरते. शेरिल आणि मेसी यांना या हिशेबात जागा नाही. शिवाय लहानग्या एप्रिलला दारूची ओळख ‘औषध’ म्हणूनच करून दिली होती, हे समीक्षेने विसरू नये. ‘पाठराखण’ ही संज्ञा येथे अधिक उपयोगी पडते. औषधाचे यश रुग्णात शोधले जाते; पाठराखणीचे यशापयश बरोबर असलेल्या सर्वांत, घरात, कचेरीत आणि कायद्यात शोधावे लागते. शेरिल अपयशी झाली नाही, तिच्याबरोबर कोणी नव्हते, असे विधान मग करता येते. हे विधान भावनिक नाही; कादंबरीच्या रचनेतून ते सिद्ध होते.

मराठी समीक्षेला या चर्चेत रस असण्याचे कारण तिच्या स्वतःच्या इतिहासात आहे. ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनांनंतर, पुढे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) आणि ‘जिणं आमुचं’ यांसारख्या स्त्रियांच्या कथनांनंतर, हे साहित्य की सामाजिक दस्तऐवज, हा वाद येथे दीर्घकाळ चालला. दस्तऐवज म्हणणाऱ्यांनी अनुभवाच्या अस्सलपणाला दाद दिली आणि रचनेकडे पाहण्याचे टाळले. सहानुभूतीच्या आवरणाखाली ती एक प्रकारची उपेक्षा होती. ‘हाफब्रीड’च्या उदाहरणाने या वादाला वेगळे परिमाण मिळते. ज्याला अस्सल दस्तऐवज म्हणून वाचले जात होते त्याची संहिताच अपुरी होती. अनुभव आणि छापील पान यांच्यामध्ये संपादक, वकील, प्रकाशक आणि वाचकांची अपेक्षा एवढी माणसे उभी असतात. अस्सलपणाचा गौरव करण्यापूर्वी हस्तलिखित कोठे आहे, त्यातून काय गेले आणि कोणाच्या सांगण्यावरून गेले, याची विचारपूस करणे हे समीक्षकाचे प्राथमिक कर्तव्य ठरते. पाठचिकित्सा ही केवळ प्राचीन पोथ्यांपुरती विद्या नाही. आत्मकथनांच्या बाबतीत ती न्यायाशी संबंधित आहे.

व्यसन आणि आघात यांतून बाहेर येणाऱ्या मूळनिवासी स्त्रीला तिची कथा बहुतेक वेळा दुसऱ्याने लिहून दिलेली असते : बालकल्याण खात्याने लक्षणसमूह म्हणून, न्यायालयाने साक्ष म्हणून, व्यसनमुक्तीच्या परंपरेने साक्षात्कार म्हणून. या प्रत्येक कथेला शेवट असतो आणि तो लिहिणाऱ्याच्या सोयीचा असतो. कॅम्पबेल, कलटन आणि गुड यांच्या लेखनाने तो शेवट पुढे ढकलला; आधी काही पानांनी, मग एका अनाथ मुलाच्या संगोपनाच्या आरंभाने, मग एका संपूर्ण हिवाळ्याने. व्यसन सुटले त्या दिवसापाशी पुस्तक मिटणाऱ्या वाचनाला या संहिता अपुरे ठरवितात. केंद्राच्या दारातून बाहेर पडलेल्या बाईला बसथांब्यावर कोण भेटते, हा ल्यूसीच्या वाट्याला आलेला प्रश्न यापुढे अशा कोणत्याही कथनाला विचारावा लागेल. आणि उत्तर ‘कोणीच नाही’ असे आले, तर ती उणीव तिच्या निर्धारात न शोधता थांब्यावरच्या रिकाम्या जागेत शोधावी लागेल.